अक्काचा पलंग आणि चकाचक

त्याचं खरं नाव मतदार यादीत असेल तर असेल. बाकी सगळीकडे तो चकाचक. जुनं फर्निचर घ्यायचं, ठोकठाक करायची आणि फोनवर फोटो टाकून विकायचं, हा त्याचा धंदा. वस्तू कसलीही असो, जाहिरातीच्या शेवटी 'एकदम चकाचक' हे दोन शब्द ठरलेले. तीन पायांवर उभं राहिलेलं टेबल चकाचक, पोटातली स्प्रिंग बाहेर डोकावणारा सोफाही चकाचक. लोकांनी मग ते शब्द त्यालाच चिकटवले. त्याला राग आला नाही. त्याला वाटलं, चला, नाव झालं.

टायरच्या दुकानामागे त्याची पत्र्याची लांबट शेड होती. घर सोडून जाणारा माणूस घाईत असतो. ट्रक दारात उभा, हमाल ओरडतोय, बायको कपाटाकडे बघून डोळे पुसतेय, अशा वेळी चकाचक बरोबर हजर व्हायचा आणि मिळेल त्या भावात कपाट सोडवून न्यायचा. शेडमध्ये आणल्यावर दुरुस्तीला दहा मिनिटं आणि जाहिरात लिहायला दीड तास. हातोडी त्याच्या हातात कधी शोभली नाही, पण फोनवर अंगठा फिरायला लागला की बघत बसावं.

त्याच्या शेडमधली प्रत्येक वस्तू डॉक्टरच्या घरातली असायची. सोफा डॉक्टरांचा, फ्रिज डॉक्टरांचा, पायपुसणं ठेवायची लोखंडी जाळीसुद्धा डॉक्टरीणबाईंची. एवढे डॉक्टर खरोखर असते तर निम्मे पेशंटवाचून उपाशी मेले असते. आणि हे सगळे डॉक्टर कायम परदेशी निघालेले. वस्तू 'फार कमी वापरलेली', कारण डॉक्टर घरी असायचेच कुठे!

त्याची भाषा एकदा कळली की सोपी होती. 'वापराच्या किरकोळ खुणा' म्हणजे दार लागत नाही. 'भक्कम' म्हणजे चार माणसांना उचलवत नाही. 'जुन्या काळचा बाज' म्हणजे वाळवी. 'अजिबात आवाज नाही' हे तो बंद पडलेल्या पंख्याबद्दल लिहायचा, आणि ते खोटं आहे असं कुणाच्या बापाला म्हणता आलं नसतं. फोटोचीही त्याची रीत होती. लाकडावर ओला फडका फिरवला की ओरखडे बुडतात. फडका फिरवायचा आणि वाळायच्या आत फोटो काढायचा. मोडकी बाजू भिंतीला, आखूड पायाखाली वीट, विटेपुढे कुंडी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. चकाचकने मुठीचाही फोटो डावीकडून काढला असता.

तक्रारी यायच्याच. एका बाईने फोन केला, "अहो, तुमचं मशिन कपडे धुताना मोरीतून चालत चालत दारापर्यंत येतं."

"बाई, लोकांची मशिनं जागची हलत नाहीत. तुमचं तरी दारापर्यंत येतंय."

"परत घेऊन जा!"

"तेवढं तुम्ही आणून द्या. नाहीतर तेच येऊ दे हळूहळू."

ॲपवर त्याला पाचपैकी अडीच तारे होते. बायको म्हणायची, ते अर्धं कोणी दिलंय त्याचा पत्ता काढा, त्या माणसाला गरज आहे कुणाची तरी.

ही बायको बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. पट्ट्यावरून बाटल्या पुढे सरकतात, मागून दिव्याचा उजेड येतो, आणि जिच्यात चीर, बुडबुडा किंवा टवका दिसेल ती बाटली हिने उचलून बाजूला फेकायची. आठ तास हेच. सोळा वर्षं हेच. त्यामुळे तिची नजर अशी तयार झाली होती की पाहुण्यांच्या घरी पाणी प्यायच्या आधीही ती पेला उजेडाकडे धरायची. एकाच छपराखाली एक माणूस खोट दडवून पोट भरायचा आणि दुसरं खोट काढून. जेवायला दोघं ताटलीभर अंतरावर बसायचे आणि धंद्याचं बोलायचे नाहीत, म्हणून संसार टिकला.

चकाचकची मोठी बहीण, अक्का, सरकारी दवाखान्यात नर्स होती. छत्तीस वर्षं तिने माणसं उचलली. हलवता न येणारी, उलटी करणारी, शिव्या देणारी, मेलेली. राहायला दवाखान्याचं क्वार्टर, झोपायला दवाखान्याचीच लोखंडी खाट. आता ती निवृत्त झाली होती, क्वार्टर सोडून स्वतःच्या एका खोलीत जाणार होती, आणि कंबर पार कामातून गेली होती. मऊ गादीत रुतली की तिला सकाळी स्वतःहून उठता येत नसे. एकदा तर शेजारणीने दार फोडायला माणूस आणला होता.

"मला बाकी काही नको," ती भावाला म्हणाली. "भांडी आहेत, स्टोव्ह आहे. एक पलंग बघ. लवणारा नको, हलणारा नको, पाय टेकून उठता येईल एवढा उंच. जन्मभर लोकांना निजवलं, आता मला नीट निजू दे. पुढच्या पुढच्या रविवारी सामान हलवायचंय."

"अक्का, पलंगाचं माझ्याकडे सोड. अगदी चक..." आणि चकाचकने जीभ चावली.

कारण एक खुर्ची. तीन वर्षांपूर्वी त्याने अक्काला मोठ्या प्रेमाने एक आरामखुर्ची दिली होती. अक्का तिच्यात बसली ती थेट जमिनीवर. तिच्या कमरेच्या दुखण्याचा आणि त्या खुर्चीचा काही संबंध नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. अक्का काहीच सांगायची नाही.

घरी आल्यावर त्याने बायकोला पलंगाचं सांगितलं. ती म्हणाली, "मग शेडमध्ये अकरा आहेत की. द्या त्यातला एक."

"शेडमधला? अक्काला?" तो असा दचकला की जणू तिने विष द्यायला सांगितलं.

"का हो? सगळे डॉक्टरांकडचेच आहेत ना?"

तो उठून मोरीत हात धुवायला गेला. हात स्वच्छच होते.

तर मग अक्कासाठी पलंग बाहेरून घ्यायचा ठरला. चकाचक आयुष्यात पहिल्यांदा ॲपवर गिऱ्हाईक म्हणून बसला, आणि त्याला घाम फुटला. जिकडे बघावं तिकडे त्याचेच भाऊबंद. 'भक्कम पलंग', पुढं स्क्रोल. 'किरकोळ खुणा', पुढं. एका फोटोत पलंगापुढे कुंडी दिसली तर त्याने फोन उलटा करून कुंडीमागे बघायचा प्रयत्न केला. एका ठिकाणी 'कुटुंब परदेशी' वाचून तो मोठ्याने म्हणाला, "हरामखोर!" बायकोने विचारलं कोण, तर म्हणाला, कोणी नाही. आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी त्याला एक जाहिरात दिसली. फोटो इतका वाईट की निम्म्या जागेत खिडकी आणि एका कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. खाली लिहिलं होतं:

'साधा लाकडी पलंग. सव्वासहा फूट बाय साडेतीन. उंची दीड फूट. डोक्याकडून तिसरी फळी बदललेली आहे, ती इतरांपेक्षा पिवळी दिसते. उशाकडच्या पाटीवर उजव्या हाताला मुलीने लहानपणी टोकदार काहीतरी घेऊन झाड कोरलं आहे, ते जात नाही. वाळवी नाही. जिना अरुंद आहे, दोन माणसं आणावीत. आणखी काही आढळल्यास लिहीन.'

आणि दुसऱ्या दिवशी खरंच खाली भर पडली: 'काल राहिलं. पायाकडचा एक स्क्रू नवा आहे.'

चकाचकने ते सात वेळा वाचलं. मग बायकोला दाखवलं.

"घ्या की हा," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय! हा माणूस पोचलेला आहे. पिवळी फळी, झाड, स्क्रू... एवढं उघड सांगतोय म्हणजे पोटात केवढं ठेवलं असेल! छोटी खोट दाखवायची आणि मोठी पोटात घालायची. मीसुद्धा एवढा पुढे गेलो नाही अजून."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. त्याने फोन लावला. पलीकडे एक म्हातारा घड्याळ दुरुस्तीवाला होता.

"पलंगाची जाहिरात तुमचीच ना? बरं, आता खरं काय ते सांगा."

"लिहिलंय की."

"ते झालं हो. लिहिलेलं सोडून?"

"लिहिलेलं सोडून पलंग आहे."

"मग का विकताय?"

"आता मला पलंग नको, दुसरा आहे."

"म्हणजे कारण सांगायचं नाही तर!"

"हेच कारण आहे. तुम्ही पोलीस आहात का?"

शुक्रवारी दुपारी चकाचक टॉर्च, भिंग आणि टाचणी घेऊन घड्याळजीच्या माडीवर पोचला. जिना अरुंद होता. हेच त्याला पहिल्यांदा खटकलं, कारण ते लिहिल्याप्रमाणे निघालं. खोलीत भिंतभर बंद पडलेली घड्याळं आणि खिडकीशी पलंग. तिसरी फळी पिवळी होती. झाड होतं, त्यावर एक पक्षीही होता.

"पक्षी लिहिला नाहीत," चकाचक लगेच म्हणाला.

घड्याळजीने चष्मा वर केला, वाकून पाहिलं, आणि म्हणाला, "खरंच की. मला पान वाटलं होतं. लिहितो." आणि फोन काढून लिहायलाही लागला.

आता मात्र चकाचकचं डोकं फिरलं. त्याने पलंगावर उडी मारून बघितली. सांध्यांत टाचणी खुपसली. पाटीला कान लावून वाजवलं, नाक लावून हुंगलं. गादी उलटली, ढेकूण शोधले, सापडेनात. तेव्हा तो टॉर्च घेऊन पलंगाखाली सरपटत शिरला आणि उताणा पडून फळ्या मोजायला लागला. काही तरी असणारच. असल्याशिवाय माणूस असं लिहील कशाला?

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पोस्टातला एक कारकून, त्याची बायको आणि मागे दोन हमाल वर आले. कारकुनाच्या बायकोने फोन हातात धरला आणि वाचायला लागली.

"तिसरी फळी पिवळी?"

"पिवळी," कारकून म्हणाला.

"झाड?"

"आहे. पक्षीपण आहे."

"हो, तो आत्ताच जाहिरातीत आलाय. नवा स्क्रू?"

"आहे."

"लांबी-रुंदी?"

कारकुनाने टेप लावली. "बरोबर."

"घ्या."

ते घड्याळजीला पैसे देऊन मोकळे झाले. सगळं मिळून चार मिनिटं. पलंगाखालून चकाचक ओरडला, "अहो थांबा, मी बघतोय अजून!"

कारकुनाची बायको एक पाऊल मागे सरली. "हे कोण? हे नव्हतं लिहिलेलं."

"ते पलंगाबरोबर नाहीत," घड्याळजी म्हणाला. "ते तासाभरापासून शोधतायत. काय ते मला माहीत नाही."

हमालांनी दोन बाजूंनी पलंग उचलला. खाली चकाचक तसाच उताणा, पोटावर टॉर्च, केसांत जळमट. त्याच्या अंगावरून अक्काचा पलंग अलगद वर गेला, दारातून वळला आणि जिना उतरून चालता झाला. घड्याळजीने त्याला हात देऊन उठवलं आणि विचारलं, "सापडलं का?"

शनिवारी सकाळी बायकोची सुट्टी होती. तिने एकदा नवऱ्याचं तोंड बघितलं. तिने पदर खोचला, स्टुलावरचा खडू घेतला आणि म्हणाली, "चला शेडमध्ये. उद्या रविवार आहे."

"अगं, त्यातला एकही..."

"बोला, बोला. वाक्य पुरं करा."

त्याने शेडची किल्ली काढली.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी ती शेडमध्ये पहिल्यांदाच आली होती. तिने पुढचा पत्र्याचा दरवाजा सताड उघडला, सगळे पलंग ओढून उन्हात घेतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बाटल्यांवर जशी नजर फिरते तशी फिरवली. चिरेला एक गोल. बुजवलेल्या भेगेला गोल. भिंतीकडच्या बाजूला सहा गोल. कधी कधी ती नुसती बोट टेकवायची आणि नवऱ्याकडे बघायची, तो मान खाली घालायचा, गोल पडायचा. तासाभरात अकरा पलंगांना देवी आल्यासारखं झालं. टायरवाला कामधंदा सोडून बघायला उभा राहिला.

"वहिनी, माझ्याकडूनही एक पलंग घेतलाय यांनी... म्हणजे यांच्याकडून मी."

"कुठाय तो?"

"मोडला."

"मग त्याला गोल काढून काय करू? व्हा बाजूला."

सगळ्यांत कमी गोल एका काळपट, उंचशा पलंगावर होते. नऊ. ती खडू झटकत म्हणाली, "हा. संध्याकाळपर्यंत नऊचे शून्य करा."

आणि चकाचक कामाला लागला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याने एखादी फळी खरोखर बदलली. सांधा उघडला, त्यातला कागद आणि सरस खरवडून काढला आणि नीट पाचर बसवली. हा वर्तमानपत्राचा कागद त्यानेच कधीतरी कोंबला होता, त्यावरची तारीखसुद्धा वाचता येत होती. दोन फळ्या दुसऱ्या पलंगाच्या काढल्या. आडव्या पट्टीला लोखंडी कोन मारले. अंगठ्यावर एकदा हातोडी बसली, तेव्हा त्याने ज्या डॉक्टरची आठवण काढली तो खरा होता. सूर्य टायरच्या ढिगामागे गेला तेव्हा सात गोल पुसले गेले होते. दोन राहिले.

"हा पाय अर्धा इंच आखूड आहे," बायको म्हणाली.

"चकती लावलीय खाली. पाय बदलायला लाकूड नाही तेवढं."

"आणि ही कुरकूर?"

"ती पाटीत आहे. पाटी फोडली तरच निघेल."

"मग सांगा अक्काला."

"सांगतो."

"तुम्ही सांगाल तर 'किरकोळ' म्हणाल. लिहा."

एवढं बोलून ती स्वयंपाकाला निघून गेली. चकाचक त्या पलंगाच्या कडेवर कागद घेऊन बसला. दीड तासात दोनशे शब्दांची जाहिरात पाडणारा माणूस, पण दोन ओळींना त्याचा जीव मेटाकुटीला आला. 'भक्कम पलंग, किंचित' असं लिहिलं, खोडलं. 'उत्तम स्थितीतील' लिहिलं, खोडलं. 'आमच्या येथे' लिहिलं आणि स्वतःलाच शिवी दिली. अक्काची कंबर त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. ती कुशीवर वळणार, पलंग कुरकुरणार, आणि ती अंधारात श्वास धरून पडून राहणार, की आता मोडतोय की मग. न सांगितलेली कुरकूर मोडल्यासारखीच ऐकू येते, हे त्याला आत्ता कळत होतं. पाचशे गिऱ्हाइकांना झोप लागली की नाही याचा त्याने कधी हिशोब केला नव्हता. शेवटी त्याने लिहिलं, सरळ, पोरकट अक्षरात.

रविवारी पलंग अक्काच्या खोलीत बसला. खोली लहान, एक खिडकी, भिंतीला नुकताच दिलेला चुना. अक्का भिंतीचा आधार घेत पलंगाभोवती एक फेरी मारून आली. खुर्चीच्या वेळी ती लगेच बसली होती, आज उभीच राहिली.

चकाचकने खिशातून चिठ्ठी काढून दिली. तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचली, दवाखान्यात केसपेपर वाचतात तशी.

"'उजवा मागचा पाय अर्धा इंच आखूड आहे. खाली लाकडी चकती आहे, झाडताना सरकवू नये. कुशीवर वळलं की पाटी कुरकुरते. ती थांबणार नाही, पण त्याने मोडत नाही. तीन फळ्या बदलल्या. आधी त्या कुजलेल्या होत्या.'" ती थांबली. "हे तू लिहिलंस?"

"हो."

"डॉक्टर नाही कुठे यात."

"अक्का, पुरे."

ती सावकाश बसली. हाताने कडा चाचपली. मग पाय वर घेऊन आडवी झाली आणि कुशीवर वळली. पलंग कुरकुरला. तिने दुसऱ्या कुशीवर वळून बघितलं, तिकडेही कुरकुरला. चकाचकचे खांदे कानांपर्यंत आले होते.

"लिहिलंय तसंच आहे," अक्का म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. त्याला वाटलं, लागला डोळा. तो दबक्या पावलांनी दाराकडे निघाला.

"ऐक रे," ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली. "अशी चिठ्ठी सगळ्यांनाच देतोस का?"

"सगळे काय माझ्या बहिणी आहेत का अक्का?"

"नाहीत," ती म्हणाली. "पण त्या कुणाच्या तरी असतील की. मग त्यांच्या भावांनी पलंग कुठून आणायचा? तुझ्याकडूनच ना?"

चकाचक दारात उभा राहिला. मग तो मागे वळला, गुडघे टेकून पलंगाखाली वाकला, आणि जागच्या जागी नीट बसलेली ती चकती हाताने दाबून बघत राहिला.